तीन नंबरचा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा ४०-५० अंश गरम. उतरवायचा की थांबायचं?

तिरपा_वारा:

नमस्कार मंडळी. विमान दोन आसनी, किटपासून बांधलेलं. इंजिन लायकमिंग ओ-३२०, १६० अश्वशक्ती, कार्बोरेटरवालं. प्रोपेलर फिक्स्ड पिच. आधी एकाच सिलिंडरचं तापमान दिसायचं. आता चारही सिलिंडरांचे सीएचटी (सिलिंडरच्या हेडचं तापमान) आणि ईजीटी (एक्झॉस्टच्या धुराचं तापमान) दाखवणारा मॉनिटर बसवलाय आणि तेव्हापासून तीन नंबरने डोकं खाल्लंय.

सीएचटीचे आकडे देतो, सगळे अंश फॅरनहाइटमध्ये. क्लाइंबमध्ये, फुल थ्रॉटल आणि फुल रिच (मिश्रणात इंधन जास्तीत जास्त) असताना: एक ३७८, दोन ३९१, तीन ४३३, चार ३८४. क्रूझमध्ये ६५ टक्क्यांच्या आसपास पॉवरवर, लीन केल्यानंतर (मिश्रणातलं इंधन कमी केल्यावर): एक ३५२, दोन ३६१, तीन ४०६, चार ३५५.

मला न उलगडणारी गोष्ट म्हणजे क्रूझमध्ये तीन नंबरची ईजीटी चौघांत सर्वांत कमी आहे. धूर सगळ्यात थंड आणि हेड सगळ्यात गरम, हे कसं काय?

कॉम्प्रेशन तपासलं, ८० वर ७६ आलं, म्हणजे ८० चा दाब दिल्यावर आत ७६ टिकला. आठही प्लग काढून साफ केले, गॅप बघितले. एका इंजिनिअरचं म्हणणं, हा सिलिंडर उतरवून नवा टाका. दुसऱ्याचं म्हणणं, लाल रेघ ५०० वर आहे, ४३३ ला घाबरायचं कशाला. दोघांचंही मला पटत नाहीये. तुम्ही कुठून सुरुवात केली असती?

पाना_पक्कड:

सिलिंडर उतरवू नका. ८० वर ७६ देणारा सिलिंडर केवळ गरम दिसतो म्हणून काढायचा, हे मला कधीच मान्य होणार नाही. सिलिंडर काढताना थ्रू-बोल्ट सैल होतात, आणि तेच बोल्ट क्रँककेसचे दोन अर्धे भाग आणि आतल्या मेन बेअरिंग जागेवर दाबून धरतात. परत कसताना टॉर्क चुकला की हेडच्या तापमानाचा प्रश्न बाजूला राहतो आणि बेअरिंगचा नवा, कितीतरी वाईट प्रश्न उभा राहतो. गरज असेल तेव्हा करावंच लागतं. इथे ती गरज अजून सिद्ध झालेली नाही.

५०० बद्दल: ती मर्यादा आहे, राहायची जागा नव्हे. लायकमिंग स्वतःच सांगतं, की सिलिंडर टिकवायचे असतील तर जोरदार क्रूझमध्ये ४३५ च्या खाली आणि काटकसरीच्या क्रूझमध्ये ४०० च्या खाली ठेवा. हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि ४०० च्या पुढे त्या धातूची ताकद झपाट्याने उतरते. तुमचं ४३३ उद्या इंजिन फोडणार नाही, पण रोज असं चालवलं तर व्हॉल्व्ह गाइड आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याची किंमत देतात. तेव्हा काळजी करताय ते योग्यच आहे.

माझा क्रम ठरलेला असतो. आधी आकडा खरा आहे का, मग वारा पोचतोय का, आणि शेवटी आतली आग. पहिल्यासाठी मला एवढं सांगा: चारही प्रोब (तापमान मोजणारे सेन्सर) एकाच जातीचे आहेत का? पुष्कळ विमानांत जुन्या गेजचा प्रोब एका सिलिंडरच्या मूळ भोकात तसाच राहतो, आणि नव्या मॉनिटरसाठी त्या एका सिलिंडरला प्लगखाली बसणारा रिंगसारखा प्रोब लावतात. रिंग प्रोब आणि हेडच्या भोकात बसणारा प्रोब यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचेच नसतात. वरच्या प्लगखाली एक दिसेल, खालच्या प्लगखाली दुसरंच.

आणि वायर कुठे वाढवली आहे का? सीएचटीचा थर्मोकपल बहुधा जे टाइपचा असतो, म्हणजे एक तार लोखंडाची आणि एक कॉन्स्टंटनची. मध्ये साधी तांब्याची तार जोडली तर जोडाच्या जागेचं तापमान आकड्यात घुसतं. फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीच्या) पुढे, गरम कप्प्यात असा जोड असेल तर तो सिलिंडर खोटा बोलणार.

तिरपा_वारा:

चारही प्रोब एकाच जातीचे, हेडच्या भोकात बसणारे. जुना गेज पूर्ण काढून टाकलाय. वायर त्याच जातीची आहे, मध्ये तांबं नाही. शंका नको म्हणून एक आणि तीनचे प्रोब आपसात बदलले आणि उडवून बघितलं. गरमी तीन नंबरलाच राहिली, प्रोबबरोबर हलली नाही.

हलकी_स्वारी:

माझ्याकडे रोटॅक्स ९१२ आहे, त्यामुळे सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही. त्यात हेड पाण्याने थंड होतात आणि सिलिंडरवर वारा लागतो. पण एक सवय उपयोगी पडेल. गरम दिसणारे सिलिंडर कोणत्या जोडीत बसतात ते बघायचं. आमच्याकडे दोन कार्बोरेटर, एकेका बाजूला एकेक. एका बाजूच्या दोन्ही सिलिंडरांची ईजीटी वेगळी दिसली की मी आधी दोन कार्बोरेटरांचा ताळमेळ बघतो. तुमच्याकडे एकच कार्बोरेटर आणि एकटाच सिलिंडर वेगळा, म्हणजे कारण त्या सिलिंडरच्या आसपासच असणार.

पाना_पक्कड:

प्रोब बदलून बघितलात हे फार बरं केलं. आकडा खरा आहे हे पक्कं झालं. आता वारा. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण ओ-३२० आणि ओ-३६० वर तीन नंबर गरम असणं ही जुनी तक्रार आहे आणि तिचं कारण हेडच्या ओतकामातच आहे.

लायकमिंगमध्ये उजव्या हाताला पुढे एक, मागे तीन. डाव्या हाताला पुढे दोन, मागे चार. चारही सिलिंडर एकाच नमुन्याचे. उजवा आणि डावा असे वेगळे बनवत नाहीत, डावीकडे बसवताना तोच सिलिंडर अर्धा वळसा फिरवून बसवतात. आता हेडकडे नीट बघा. एका बाजूच्या फिन्स (उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्या) चांगल्या खोल आहेत, आणि दुसऱ्या बाजूला काही ठिकाणी त्या इतक्या उथळ आहेत की बोटाचं टोकही आत जात नाही. ही उथळ बाजू उजवीकडच्या सिलिंडरांना मागे येते आणि डावीकडच्यांना पुढे. एक नंबरची उथळ बाजू तीनकडे तोंड करून मोकळ्या जागेत आहे. चारची दोनकडे. पण तीन नंबरची उथळ बाजू थेट मागच्या बॅफलला, म्हणजे वारा सिलिंडरांकडे वळवणाऱ्या पत्र्याला चिकटते, आणि दोन नंबरची पुढच्या पत्र्याला. तुमच्या आकड्यांत तीननंतर सर्वांत गरम कोण आहे? दोन. हा योगायोग नाही.

बॅफल सपाट पत्र्याचा. तो फिन्सच्या टोकांना टेकून बसला की खोल फिन्सच्या ठिकाणी वाऱ्याला मधल्या खाचांतून खाली उतरता येतं. उथळ फिन्सच्या ठिकाणी खाचच नाही, पत्र्याने झाकण लावल्यासारखं होतं. हेडच्या त्या मागच्या भिंतीवरून वारा जवळजवळ जातच नाही.

तपासायची पद्धत सोपी. वरचं काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढा. एक सरळ, पातळ, ताठ तार घ्या आणि तीन नंबरच्या मागच्या बाजूने, बॅफल आणि हेडच्या मधून वरून खाली सोडा. खाली निघाली तर वाट आहे, अडली तर नाही. चार नंबरच्या मागे तीच तार सोडून बघा, फरक हाताला कळेल. हे करताना बाकीच्या फिन्समधूनही तार फिरवा. ओतकामात दोन फिन्सच्या मध्ये धातूचा पातळ पापुद्रा राहून गेलेला असतो, विशेषतः प्लगच्या भोकाजवळ आणि दोन पोर्टच्या मध्ये. नव्या इंजिनातही सापडतो. कुंभारमाशीचं मातीचं घरटंही मी फिन्समधून काढलेलं आहे. पापुद्रा निघत असेल तर बारीक कानशीने, घाई न करता काढायचा. फिनच्या मुळाशी चरा पडता कामा नये, तिथूनच पुढे तडा जातो.

वाट बंद असेल तर उपाय असा: तीन नंबरच्या हेडला बॅफल ज्या स्क्रूने धरलाय, तिथे पत्रा आणि हेडच्या मध्ये जाड वॉशर घालून पत्रा साधारण ३ मिलिमीटर मागे सारायचा. बस. जास्त मागे नेऊ नका. फट मोठी झाली की वारा फिन्सना न शिवता पत्र्याच्या कडेने सरळ खाली पळतो, आणि बाकी तिघांच्या वाट्याचा दाबही घेऊन जातो.

दाबाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. काउलिंगमध्ये वारा पुढून मागे वाहून इंजिन थंड करतो असा पुष्कळांचा समज असतो. तो वरून खाली जातो. इंजिनाच्या वर दाब जास्त, खाली कमी, आणि या फरकामुळे तो फिन्समधून ढकलला जातो. वाऱ्याचं वागणं पाण्यासारखंच, सोपी फट मिळाली की अवघड वाटेने कशाला जाईल? म्हणून बॅफलच्या वरची रबरी सील बघा. रबर पुढे आणि आतल्या बाजूला झुकलेलं हवं, म्हणजे आतला दाबच त्याला काउलिंगवर चेपून धरतो. काउलिंग चढवताना एखादा तुकडा मागे दुमडला जातो, आणि काउलिंग बसल्यावर तो दिसत नाही. पुढच्या इनलेटमधून आरसा आणि टॉर्च घालून बघा. काउलिंगच्या आतल्या बाजूला रबर घासल्याची रेघ उमटलेली असते. ती जिथे तुटलीय तिथे सील टेकत नाही.

शेवटचं, खालून बघा. एक आणि तीनच्या मध्ये खालच्या अंगाला एक वळवलेला पत्रा असतो. तो वाऱ्याला सिलिंडरला लपेटून जायला लावतो. त्याला धरणारी सळी किंवा स्प्रिंग सैल असेल तर दोन सिलिंडरांच्या मधला वारा काही काम न करता खाली पडतो.

तुमचं विमान प्रायोगिक प्रवर्गातलं आहे म्हणून वॉशर घाला म्हणतोय. कारखान्यातून प्रमाणित होऊन आलेल्या विमानात बॅफल हा मंजूर डिझाइनचाच भाग असतो. तिथे असला बदल परवानाधारक इंजिनिअरला विचारून आणि कागदोपत्रीच करायचा. फाटलेलं सील बदलणं, सैल पत्रा परत बसवणं ही मात्र मूळ स्थितीत आणण्याची दुरुस्ती झाली.

लाल_मूठ:

पाना_पक्कड यांनी वाऱ्याचं सांगितलं, मी आगीबद्दल लिहितो. कारण तुमचा "धूर थंड, हेड गरम" हा प्रश्न मला या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न वाटतो, आणि त्याचं उत्तर तुमच्या लीन करण्याच्या पद्धतीत असावं.

मिक्स्चर रिचकडून लीनकडे नेताना ईजीटी चढते, एका जागी शिखर गाठते आणि मग उतरते. हेडचं तापमान मात्र त्याच जागी शिखर गाठत नाही. ते आधीच, म्हणजे ईजीटीच्या शिखराच्या साधारण ४०-५० अंश रिच बाजूला, सर्वांत जास्त असतं. तिथे सिलिंडरमधला दाब सर्वांत जास्त असतो. त्यामुळे ईजीटी कमी आणि सीएचटी जास्त यात विरोध काहीच नाही. नुसत्या ईजीटीच्या आकड्यावर दोन सिलिंडरांची तुलनाही करू नका. प्रोब एक्झॉस्ट पाइपात इंचभर वरखाली असला तरी आकडा बदलतो. शिखर कधी येतं, एवढंच बघायचं.

कार्बोरेटरच्या ओ-३२० मध्ये मिश्रण खालून, ऑइल संपच्या आतल्या वाटांमधून जातं आणि चौघांना सारखं मिळत नाही. समजा एक नंबर सर्वांत लीन आहे आणि तीन सर्वांत रिच. तुम्ही लीन करत गेलात आणि पहिलं शिखर, म्हणजे एक नंबरचं, दिसलं की थांबलात. एक नंबर शिखरावर पोचला, पण तीन नंबर अजून स्वतःच्या शिखरापासून पन्नासेक अंश रिच बाजूलाच आहे. म्हणजे नेमका त्याच्या सर्वांत गरम जागी तुम्ही त्याला बसवून ठेवलाय.

खात्री करून घ्या. स्थिर हवेत, ६५ टक्के किंवा कमी पॉवरवर, मिक्स्चर अगदी सावकाश मागे घ्या. प्रत्येक सिलिंडरची ईजीटी शिखरावर येते त्या क्षणाचा इंधनप्रवाह लिहून ठेवा. पहिला आणि शेवटचा यांत किती अंतर आहे ते इथे टाका.

इनटेकची गळती तुमच्याकडे असेल असं मला वाटत नाही, पण पुढे कुणी हा धागा वाचेल म्हणून लिहितो. इनटेक पाइपच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा शिरत असेल तर तो सिलिंडर लीन होतो. त्याचा परिणाम कमी थ्रॉटलवर जास्त दिसतो, कारण तेव्हा पाइपात निर्वात जास्त असतो. फुल थ्रॉटलला आतला-बाहेरचा दाब जवळपास सारखा होतो आणि फरक नाहीसा होतो. गॅस्केटच्या आजूबाजूला इंधनाचा निळा डागही दिसतो. तुमचा तीन नंबर फुल थ्रॉटललाच सर्वांत जास्त तापतो, म्हणजे चित्र उलटं आहे. एक प्लग मेला असता तर त्या सिलिंडरची ईजीटी वर गेली असती आणि सीएचटी थोडी खाली. तेही जुळत नाही. मॅग्नेटोचं टायमिंग पुढे सरकलं असतं तर चौघंही तापले असते.

तिरपा_वारा:

दोघांचेही मनापासून आभार. आता काय सापडलं ते सांगतो.

तार चार नंबरच्या मागून सहज खाली आली. तीनच्या मागे अर्ध्यात अडकली, दोनचार ठिकाणी प्रयत्न केला तरी तेच. बॅफलचा पत्रा काढला तर त्याच्या आतल्या बाजूला फिन्सच्या टोकांच्या रेघा उमटलेल्या होत्या, आणि उथळ भागासमोर पत्रा गुळगुळीत, तपकिरी पडलेला. एवढ्याच जागेत तो भाजत होता. शिवाय इनलेटमधून आरसा घातल्यावर उजव्या मागच्या कोपऱ्यात सीलचा तळहाताएवढा तुकडा मागे दुमडलेला दिसला. बाहेरून काउलिंग अगदी व्यवस्थित बसलेलं होतं. कोपऱ्यातलं रबर कापून दोन तुकडे एकावर एक येतील असं नव्याने लावलं, वॉशर घातला. मधला खालचा पत्रा घट्टच होता.

बाहेरची हवा आधीसारखीच असेल असा दिवस बघून उडालो. क्लाइंब: एक ३८१, दोन ३९२, तीन ४०३, चार ३८६. तीन नंबर तीस अंश खाली आला.

क्रूझमध्ये मात्र जुन्याच पद्धतीने लीन केल्यावर तो ३८५ वर राहिला आणि एक नंबर ३५३. मग लाल_मूठ यांची चाचणी केली. शिखरं ताशी गॅलनमध्ये: एक ७.९, चार ७.७, दोन ७.६, तीन ७.२. तुम्ही न बघता सांगितलंत तसंच, एक सर्वांत लीन आणि तीन सर्वांत रिच.

आता हे ०.७ चं अंतर कमी कसं करायचं? की तसंच राहू द्यायचं?

लाल_मूठ:

कार्बोरेटरच्या इंजिनाला ०.७ वाईट नाही. इंजेक्शनवाल्यांना नोझल बदलून ते अर्ध्या गॅलनच्या आत आणता येतं, आपल्याला ती सोय नाही. पण दोन गोष्टी करून बघा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवण्याऐवजी किंचित मागे घ्या. थ्रॉटलची चकती जराशी तिरपी झाली की तिच्यामागे वारा घुसळला जातो आणि मिश्रण निराळं वाटलं जातं. दुसरं, थोडीशी कार्ब हीट, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देणं. हवा उबदार झाली की इंधनाचे थेंब अधिक बारीक होतात आणि चौघांना जास्त सारखं मिळतं. पण अर्धवट कार्ब हीट कार्बोरेटरचं तापमान दाखवणारा गेज असेल तरच वापरा. फार थंड, कोरड्या हवेत बर्फ होत नसतो, आणि तीच हवा थोडी गरम करून तुम्ही ती नेमकी बर्फ धरण्याच्या टप्प्यात आणू शकता.

गेज नसेल तर साधा मार्ग: पहिल्या शिखरावर थांबू नका. तिथून ८.५ पर्यंत रिच करा, म्हणजे तीन नंबरही त्याच्या गरम जागेपासून लांब जातो. थोडं इंधन जास्त जाईल, हेड वाचतील.

तिरपा_वारा:

गेज आहे. थ्रॉटल बोटभर मागे आणि थोडी कार्ब हीट केल्यावर अंतर ०.४ वर आलं. तीन नंबरचं शिखर ओलांडेपर्यंत लीन केलं तरी इंजिन खडखडलं नाही, आधी त्याच्या बरंच आधी धडधडायला लागायचं. तीन नंबर ३६२ वर स्थिर. हवेत बसल्याबसल्या मोठ्याने "वा" म्हणालो.

एकच राहिलं: दोन नंबर क्लाइंबमध्ये ३९२ आहे, त्याचंही पुढून काही करू का? आणि मॉनिटरचा अलार्म कारखान्यातून ५०० वर आलाय, तो कितीवर ठेवू?

पाना_पक्कड:

फार छान काम केलंत.

दोन नंबरला सध्या हात लावू नका. त्याच्या पुढच्या पत्र्याला तीच खोड आहे, पण ३९२ क्लाइंबसाठी ठीक आहे. तिथे फट केली की तीन नंबरला आत्ता मिळालेल्या दाबातून थोडा जाईल. कडक उन्हाळ्यात परत आकडे घ्या. बाहेरची हवा जितके अंश तापते, ढोबळमानाने तितकेच अंश हेडही वर जातं. दोन नंबर तेव्हा ४१५ च्या पुढे गेला तर बघू. तोवर क्लाइंबमध्ये वेग पाचदहा नॉट जास्त ठेवलात तरी काम होतं.

अलार्म ४०० वर आणा. क्लाइंबमध्ये तो अधूनमधून वाजेल. वाजला की नाक थोडं खाली घ्या. दुसरा अलार्म ४३० ला ठेवा, तो वाजला तर पॉवर कमी करा.

आणि आकड्याइतकंच त्याच्या वेगाकडे लक्ष ठेवा. एकच सिलिंडर सेकंदाला अंशभर किंवा त्याहून जोरात चढायला लागला, तर तो बॅफलचा प्रश्न नसतो. आत प्री-इग्निशन (मिश्रण ठिणगीआधीच पेटणं) किंवा डेटोनेशन (मिश्रणाचा एकदम स्फोट होणं) चालू असतं. प्लगचं पोर्सलीन तडकलेलं असलं तरी असं होतं. तेव्हा विचार करत बसायचं नाही. थ्रॉटल मागे, मिक्स्चर रिच, आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा. परत उडण्याआधी दोन्ही प्लग काढून बोअरस्कोप (आत बघायचा बारीक कॅमेरा) आत घालायचा, पिस्टनचा माथा आणि व्हॉल्व्ह डोळ्यांनी बघायचे.

बोअरस्कोपवरून आठवलं, तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदा बघून घ्या. इतके दिवस गरम चाललाय. व्हॉल्व्हच्या तोंडावरचा रंग मध्यापासून सगळीकडे सारखा पसरलेला असेल तर उत्तम. कडेला एकाच बाजूला वेगळ्या रंगाचा डाग असेल तर तो तिथे नीट टेकत नाहीये. तसं दिसलं तर फोटो इथे टाका.

तिरपा_वारा:

आजच बघितला. रंग गोल, सगळीकडे सारखा. कडेला डाग नाही. फोटो जोडतोय, एक नंबरचाही जोडतो म्हणजे तुलना करता येईल.